चिन्ह बदललं नाही, तरी आलेख तुटला: एका फलनाच्या चढ-उताराचा प्रकरण अभ्यास

प्रश्न एका ओळीचा आहे. फ(क्ष) = क्ष³ / (क्ष² − ३) हे फलन कुठे वाढतं आणि कुठे घटतं, ते विकलज फ′ (प्रत्येक बिंदूवर आलेखाचा चढ सांगणारं फलन) वापरून शोधा.

त्याचं सर्रास लिहिलं जाणारं उत्तर साधारण असं असतं:

«फ′(क्ष) = क्ष²(क्ष² − ९) / (क्ष² − ३)². छेद वर्ग आहे, म्हणून धन. क्ष² हाही वर्ग, म्हणून धन. चिन्ह फक्त (क्ष² − ९) ठरवणार. म्हणून क्ष < −३ आणि क्ष > ३ असताना फलन वाढतं. −३ < क्ष < ३ असताना घटतं.»

विकलज बरोबर आहे, अवयव बरोबर पाडलेत, चिन्हाबद्दलचा विचारही जवळजवळ निर्दोष आहे. तरी शेवटचं वाक्य चूक आहे, आणि ते पडताळायला दोन आकडे पुरतात. १ आणि २ या दोन्ही संख्या −३ आणि ३ यांच्या मधल्या. फ(१) = १/(१ − ३) = −०.५ आणि फ(२) = ८/(४ − ३) = ८. म्हणजे ‘घटणारं’ फलन १ वरून २ वर जाताना साडेआठ एककं वर चढलं.

आकडेमोडीत चूक नसताना निष्कर्ष चुकतो, तेव्हा पायऱ्यांच्या मधे काहीतरी गृहीत धरलेलं असतं. या उत्तरात ते ‘म्हणून’ या शब्दात दडलंय. विकलज ऋण आहे, ‘म्हणून’ फलन घटतं. हा ‘म्हणून’ कुठून आला?

‘म्हणून’ची किंमत

घटतं फलन म्हणजे काय, याच्या व्याख्येत विकलजाचं नावसुद्धा नाही. एखाद्या अंतरालातल्या कोणत्याही दोन संख्या अ आणि ब घ्या; अ < ब असेल तर दर वेळी फ(अ) > फ(ब) निघायला हवं. बस, एवढीच व्याख्या. ती दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या किमतींची तुलना करते. विकलज मात्र एकाच बिंदूवरच्या स्पर्शिकेचा चढ सांगतो. एका बिंदूवरची माहिती दोन लांबच्या बिंदूंपर्यंत पोचवायची तर मधे पूल लागतो, आणि तो पूल म्हणजे मध्यमान प्रमेय.

प्रमेय असं: फलन [अ, ब] या बंद (टोकांसकटच्या) अंतरालावर संतत असेल, म्हणजे कुठे तुटत नसेल, आणि आतल्या प्रत्येक बिंदूवर त्याचा विकलज असेल, तर आत कुठेतरी असा एक बिंदू क सापडतो, की (फ(ब) − फ(अ)) / (ब − अ) = फ′(क). आता आत सगळीकडे फ′ ऋण असेल तर उजवी बाजू ऋण, छेद ब − अ धन, म्हणजे फ(ब) − फ(अ) ऋणच असणार. घटण्याचा पुरावा एवढाच. फ्रेंच गणितज्ञ रोलने १६९१ मध्ये याचं बीज बहुपदींपुरतं मांडलं. प्रमेय लाग्रांजच्या नावाने शिकवलं जातं आणि कोशीने १८२३ च्या व्याख्यानांत त्याला आजच्या वळणावर आणलं. पाठ्यपुस्तकात हे प्रमेय एका प्रकरणात असतं आणि वाढ-घट दुसऱ्या प्रकरणात, त्यामुळे दोघांचं नातं बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

आता आपल्या फलनावर [१, २] घ्या. डावी बाजू (८ − (−०.५)) / १ = ८.५. मग १ आणि २ यांच्या मधे कुठेतरी फ′ = ८.५ असायला हवा. पण तिथे फ′ जिथे जिथे आहे तिथे ऋणच आहे: फ′(१) = १ × (−८) / ४ = −२, फ′(२) = ४ × (−५) / १ = −२०. प्रमेय खोटं पडलं का? नाही. त्याची पहिलीच अट मोडली. १ आणि २ यांच्या मधे √३, म्हणजे सुमारे १.७३२, बसलाय, आणि तिथे क्ष² − ३ शून्य होऊन फलनच उरत नाही. पूल मधेच तुटलाय. त्यावरून ‘म्हणून’ पलीकडे जाऊ शकत नाही.

पहिल्यापासून, नीट

म्हणून काम विकलजापासून नव्हे, प्रांतापासून, म्हणजे फलनाला जिथे किंमत आहे त्या संख्यांपासून, सुरू करायचं. छेद शून्य कधी होतो? क्ष² = ३, म्हणजे क्ष = ±√३. हे दोन बिंदू वगळून बाकी सगळ्या वास्तव संख्या हा प्रांत. म्हणजे प्रांताचे आधीच तीन तुकडे पडले: (−∞, −√३), (−√३, √३) आणि (√३, ∞). विकलज काढायच्या आधी ही संख्यारेषा कागदावर यावी आणि ±√३ वर दुहेरी उभी रेघ मारावी. साधी टिंबं नकोत. पुढे याच दुहेरी रेघा वाचवतात.

विकलज भागाकाराच्या नियमाने. अंश क्ष³, त्याचा विकलज ३क्ष². छेद क्ष² − ३, त्याचा विकलज २क्ष.

फ′(क्ष) = [३क्ष²(क्ष² − ३) − क्ष³ · २क्ष] / (क्ष² − ३)²

अंश उलगडला की ३क्ष⁴ − ९क्ष² − २क्ष⁴ = क्ष⁴ − ९क्ष². इथे थांबू नका. या रूपात चिन्ह वाचता येत नाही, अवयव हवेतच:

फ′(क्ष) = क्ष²(क्ष − ३)(क्ष + ३) / (क्ष² − ३)²

अंश उलगडून पुन्हा अवयव पाडायचे, पण छेद उलगडायचा नाही. (क्ष² − ३)² चा विस्तार क्ष⁴ − ६क्ष² + ९ असा करून ठेवला की तो वर्ग आहे हेच डोळ्यांना दिसेनासं होतं, आणि मग त्याच्या चिन्हाची नसती काळजी मागे लागते.

भागाकाराच्या नियमात वजाबाकीचा क्रम उलटा लिहिला, म्हणजे आधी ‘अंश गुणिले छेदाचा विकलज’ आणि मग दुसरं पद वजा, तर अख्ख्या विकलजाचं चिन्ह उलटतं. ही चूक फसवी आहे, कारण शून्यं तीच राहतात, तक्ता तसाच देखणा दिसतो आणि उत्तर मात्र संपूर्ण उलटं येतं. तपासायला एक जोडी पुरते: फ(३) = २७/६ = ४.५, फ(४) = ६४/१३ ≈ ४.९२. ३ च्या पुढे फलन वर गेलं. तक्ता खाली म्हणत असेल तर क्रम तपासा.

आता संख्यारेषेवर कोणते बिंदू मांडायचे? तीन जातींचे: जिथे विकलज शून्य आहे ते, जिथे फलन आहे पण विकलज नाही ते, आणि जिथे फलनच नाही ते. पहिल्या दोन जातींना क्रांतिक बिंदू म्हणतात. तिसऱ्या जातीला ते नाव लागत नाही, कारण क्रांतिक बिंदू प्रांतातच असावा लागतो. घोटाळा इथेच होतो. ‘क्रांतिक बिंदू काढा आणि रेषा तोडा’ असं पाठ केलेला माणूस ±√३ प्रामाणिकपणे गाळतो, कारण ते क्रांतिक नाहीतच! व्याख्या पाळली आणि उत्तर गेलं.

आपल्याकडे पहिल्या जातीचे −३, ०, ३. दुसऱ्या जातीचा एकही नाही. (तो क्ष चा दोन-तृतीयांश घात यासारख्या फलनात येतो: ० वर टोकदार कोपरा, फलन आहे, विकलज नाही, आणि किंमत तिथे सर्वांत कमी.) तिसऱ्या जातीचे ±√३. एकूण पाच बिंदू, त्यांनी पाडलेले सहा तुकडे.

प्रत्येक तुकड्यातला एक नमुना-बिंदू घेऊन फ′ चं चिन्ह बघायचं:

(−∞, −३): फ′(−४) = १६ × ७ / १६९ = ११२/१६९, धन
(−३, −√३): फ′(−२) = −२०, ऋण
(−√३, ०): फ′(−१) = −२, ऋण
(०, √३): फ′(१) = −२, ऋण
(√३, ३): फ′(२) = −२०, ऋण
(३, ∞): फ′(४) = ११२/१६९, धन

एका तुकड्यात एकच बिंदू का पुरतो? त्या तुकड्यात फ′ संतत आहे आणि शून्य होत नाही. धनाचा ऋण व्हायचा तर वाटेत शून्य ओलांडावंच लागेल. म्हणून एकाचं चिन्ह तेच सगळ्या तुकड्याचं. पण हा युक्तिवाद सगळे बिंदू रेषेवर आलेले असतील तरच चालतो. एक बिंदू सुटला की नमुना-बिंदू नशिबावर. ० सुटला असेल आणि (−३, ३) साठी नमुना म्हणून सर्वांत सोपी संख्या, म्हणजे नेमकी ० च, निवडली, तर फ′(०) = ० येतं आणि लिहिणारा बुचकळ्यात पडतो: वाढत नाही, घटत नाही, मग काय ‘स्थिर’ लिहायचं? नमुना-बिंदूवर शून्य आलं तर त्याचा एकच अर्थ: तो नमुना-बिंदू नाहीच, तो रेषेवर मांडायचा राहिलेला बिंदू आहे.

आणि नमुना-बिंदू फ′ मध्ये घालायचा, फ मध्ये नव्हे. फ(१) = −०.५ हे ऋण आहे आणि फ′(१) = −२ हेही ऋण, त्यामुळे इथे चूक झाकली जाते. पण फ(२) = ८ धन आहे आणि फलन तिथे वेगाने उतरतंय. आलेख वर असणं आणि वर जाणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

न बदलणारी तीन चिन्हं, आणि त्यांतला फरक

पाचपैकी दोनच ठिकाणी चिन्ह बदललं: −३ आणि ३. अवयवांकडे पाहिलं तर हे आधीच कळतं. (क्ष − ३) आणि (क्ष + ३) यांचा घात १, विषम. तो बिंदू ओलांडताना अवयव चिन्ह बदलतो. क्ष², (क्ष − √३)², (क्ष + √३)² यांचा घात २, सम. बिंदू ओलांडून पलीकडे गेलं तरी अवयव धनच राहतो. सरावलेला माणूस नमुना-बिंदू एकच घेतो, सर्वांत उजव्या तुकड्यातला, आणि डावीकडे सरकत विषम घाताला चिन्ह उलटवत जातो. वेळ वाचतो, आकडेमोडही कमी.

पण या सोयीतच सापळा आहे. ०, √३ आणि −√३ हे तिन्ही चिन्ह-तक्त्यात अगदी सारखे दिसतात: अलीकडे ऋण, पलीकडे ऋण. तक्ता सांगतो, इथे काही घडलं नाही. तिथेच पहिल्या उत्तराने तिन्ही एकदम पुसून टाकले आणि −३ ते ३ असा एक लांबलचक तुकडा केला. ० च्या बाबतीत ते चाललं. ±√३ च्या बाबतीत नाही.

० च्या जवळ जाऊन बघू. फ(−०.३) ≈ ०.००९३, फ(०) = ०, फ(०.३) ≈ −०.००९३. फ(०.१) तर −०.०००३३. आलेख इतका आडवा झालाय, की पडद्यावर सरळ रेषच वाटते, पण तो उतरतोच आहे. सिद्धताही सोपी. अ आणि ब हे (−√३, √३) मधले, अ < ब. दोन्ही ० च्या एकाच बाजूला असतील तर मध्यमान प्रमेय थेट लागतं. एक डावीकडे, एक उजवीकडे असेल तर [अ, ०] वर प्रमेय लावा: फ(अ) > फ(०). मग [०, ब] वर: फ(०) > फ(ब). दोन्ही जोडा: फ(अ) > फ(ब). प्रमेयाला विकलजाचं चिन्ह फक्त आतल्या बिंदूंवर हवं असतं, टोकावर नाही. टोकाला फलन संतत असलं की झालं. म्हणून ० हा टाका घालून शिवता येतो. विकलज एखाद-दुसऱ्या सुट्या बिंदूवर शून्य झाल्याने घट काटेकोर राहत नाही, ही समजूत चूक आहे. एखाद्या संपूर्ण तुकड्यावर तो शून्य असेल तरच फलन तिथे सपाट होतं.

√३ वर शिवायला कापडच नाही. जवळचे आकडे:

फ(१.५) = −४.५
फ(१.७) ≈ −४४.७
फ(१.८) = २४.३
फ(२) = ८
फ(२.५) ≈ ४.८१

डावीकडून येताना अंश पाचाच्या आसपास, छेद लहानसा ऋण, म्हणून फलन −∞ कडे कोसळतं. उजवीकडून छेद लहानसा धन, म्हणून ते +∞ कडून खाली येतं. दोन्ही बाजूंना ते खरोखर उतरतंच आहे, विकलज खोटं बोलत नाही. उडी झाली ती दोन उतारांच्या मधे, जिथे विकलजाला बोलायला जागाच नाही.

आलेख काढणारं सॉफ्टवेअर इथे भर घालतं. ०.१ च्या पावलाने बिंदू काढले तर १.७ वरचा −४४.७ आणि १.८ वरचा २४.३ हे दोन शेजारी बिंदू ते निमूटपणे रेषेने जोडतं, आणि पडद्यावर जवळजवळ उभी चढण उमटते. ती आलेखाचा भाग नाही. ती बघून कोणी ‘√३ पाशी फलन फार वेगाने वाढतं’ असं लिहितो, आणि मग विकलज ऋण का येतोय म्हणून बरोबर असलेली आकडेमोड खोडायला बसतो. उभी रेघ दिसली की आधी तिथला छेद बघावा.

उत्तर कसं लिहायचं

वाढतं: (−∞, −३] वर, तसंच [३, ∞) वर.
घटतं: [−३, −√३) वर, (−√३, √३) वर, आणि (√३, ३] वर.

कंसांबद्दल वाद होतो, म्हणून जरा सविस्तर. −३ आणि ३ ही टोकं अंतरालात घ्यायची की नाही? घेतली तरी बरोबर, सोडली तरी बरोबर. फलन तिथे संतत आहे, त्यामुळे बंद टोकासकट वाढ किंवा घट सिद्ध होते. काही पुस्तकं उघडी अंतरालं लिहितात, तीही खरीच, फक्त थोडी कमी सांगतात. ±√३ कडचा कंस मात्र कधीच बंद नाही. तिथे फलनच नाही.

मग लगेच शंका येते: −३ हा बिंदू वाढीच्या अंतरालातही आणि घटीच्याही? हा विरोधाभास नाही. वाढणं-घटणं हा अंतरालाचा गुण आहे, एकट्या बिंदूचा नाही. ‘−३ वर फलन वाढतं की घटतं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. याची टोकाची बाजू बघायची तर ग(क्ष) = क्ष + २क्ष² साइन(१/क्ष), आणि ग(०) = ०, हे फलन घ्या. ग′(०) = १, चांगला धन. पण ० व्यतिरिक्त ग′(क्ष) = १ + ४क्ष साइन(१/क्ष) − २ कोसाइन(१/क्ष), आणि ० च्या कितीही जवळ गेलं तरी हा विकलज कधी −१ च्या तर कधी ३ च्या आसपास डोलत राहतो. म्हणजे ० भोवतीच्या कोणत्याही अंतरालात, कितीही लहान घ्या, ग वाढतं राहत नाही. एका बिंदूवरच्या धन विकलजाने पूल बांधला जात नाही, तो असा.

आता ∪ या संयोगाच्या (अंतरालं एकत्र करण्याच्या) चिन्हाबद्दल. ‘[−३, −√३) ∪ (−√३, √३) ∪ (√३, ३] वर घटतं’ असं लिहिणं म्हणजे पहिलीच चूक सभ्य पोशाखात. त्या संचातून १ आणि २ निवडले की विधान पडतं. −२ आणि −१ निवडले तरी पडतं: फ(−२) = −८, फ(−१) = ०.५. सवय अशी लावावी की अंतरालांच्या मधे स्वल्पविराम किंवा ‘आणि’ येईल, आणि प्रत्येकाला आपापला ‘वर’ मिळेल.

गंमत अशी, की वाढीच्या बाजूला संयोग खरा आहे. (−∞, −३] वर फलनाची किंमत −४.५ च्या वर कधी जात नाही, आणि [३, ∞) वर ती ४.५ च्या खाली कधी येत नाही. डावीकडची कोणतीही किंमत उजवीकडच्या कोणत्याही किमतीपेक्षा कमी. म्हणून (−∞, −३] ∪ [३, ∞) या संपूर्ण संचावर फलन वाढतं हे विधान बरोबर आहे. पण ते विकलजाने सांगितलेलं नाही; ते किमती पाहून वेगळं सिद्ध करावं लागलं. संयोग नेहमीच चूक असं नव्हे, फुकटात मात्र मिळत नाही.

महत्तम, लघुतम

−३ वर चिन्ह धनाचं ऋण होतं, म्हणून तिथे स्थानिक महत्तम (आसपासच्या किमतींत सर्वांत मोठी), किंमत −४.५. ३ वर ऋणाचं धन, म्हणून स्थानिक लघुतम, किंमत ४.५. ० वर चिन्ह बदलत नाही, तिथे काहीच नाही.

महत्तम −४.५ आणि लघुतम ४.५? इथे पुष्कळ जण थबकतात आणि दोन्ही नावं अदलाबदल करून ‘दुरुस्ती’ करतात. नका करू. फलन −३ पासून ३ पर्यंत संतत असतं आणि मधे दुसरं कुठलंही वळण नसतं, तर महत्तमापासून लघुतमापर्यंत ते उतरतच गेलं असतं आणि लघुतम खालीच निघालं असतं. इथे मधे दोनदा आलेख तुटून खालून वर गेलाय. ३ च्या शेजारी आकडे घेऊन खात्री करता येते: फ(२.९) ≈ ४.५०८, फ(३) = ४.५, फ(३.१) ≈ ४.५०७. लघुतमच. आणि ‘स्थानिक’ हा शब्द गाळू नका. फलन दोन्ही दिशांना अमर्याद जातं, सर्वोच्च किंवा सर्वांत नीचांकी किंमत नाहीच.

आणखी कुठे घसरतं

क्ष⁴ = ९क्ष² लिहून दोन्ही बाजूंना क्ष² ने भागलं की ० हे मूळ गायब होतं. इथे निभावतं, कारण ० वर चिन्ह बदलत नाही. पण विकलजात क्ष² ऐवजी क्ष³ असता तर तोच भागाकार एक खरंखुरं वळण गिळून बसला असता. भागू नका, सगळं एका बाजूला आणा, अवयव पाडा.

क्ष² > ९ वरून ‘क्ष > ±३’ असं लिहिणं. याला काही अर्थच नाही. क्ष > ३ किंवा क्ष < −३ असे दोन तुकडे निघतात. विषमतेचं वर्गमूळ काढण्यापेक्षा (क्ष − ३)(क्ष + ३) च्या चिन्हांकडे बघणं केव्हाही सुरक्षित.

‘क्ष² धन आहे’ हे वाक्य. धन नाही, ऋण नाही एवढंच. मूळ उत्तरातली ही बारीकशी सैल जागा ० ला झाकून टाकते.

फ(−क्ष) = −फ(क्ष), म्हणजे फलन विषम आहे. यावरून काही जण डाव्या बाजूला वाढ-घट उलटी करतात. उलटं खरं आहे: विषम फलनात आलेख १८० अंशांत फिरतो आणि चढ तसाच राहतो. [३, ∞) वर वाढ असेल तर (−∞, −३] वरही वाढच. उलटापालट सम फलनात होते, कारण तिथे आलेख आरशात दिसतो. हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम करून उरलेलं फुकट मिळतं.

वही मिटायच्या आधी दोन मिनिटांची पडताळणी: प्रत्येक अंतरालातून दोन संख्या घेऊन थेट फ मध्ये घाला. फ(−५) ≈ −५.६८, फ(−४) ≈ −४.९२, वाढ. फ(−२.५) ≈ −४.८१, फ(−२) = −८, घट. फ(−१) = ०.५, फ(१) = −०.५, घट. फलन विषम असल्याने उजवीकडचं तसंच. असे आकडे काही सिद्ध करत नाहीत, पण चूक असेल तर लगेच पकडतात, विशेषतः अंतरालाच्या दोन टोकांजवळून एकेक संख्या घेतली तर. (−३, ३) मधून −२.५ आणि २.५ घेतले असते, तर −४.८१ वरून ४.८१ वर गेलेलं ‘घटणारं’ फलन तिथल्या तिथे सापडलं असतं.

३ च्या जागी दुसरं काही

छेदातली ३ ही संख्या बदलून क घेतली तर फ(क्ष) = क्ष³ / (क्ष² − क) आणि

फ′(क्ष) = क्ष²(क्ष² − ३क) / (क्ष² − क)²

क धन असेल तोवर गोष्ट तीच: ±√क वर तुटतं, ±√(३क) वर वळतं, ० वर नुसतं आडवं होऊन पुढे उतरतं. क = १२ घेतलं तर वळणं ±६ वर जातात आणि तुटलेल्या जागा ±√१२ वर.

क = ० केलं की क्ष³/क्ष² उरतं, म्हणजे ० वगळून नुसता क्ष. विकलज सगळीकडे १. आलेख सरळ रेषा, मधे एक भोक. इथे (−∞, ०) वर आणि (०, ∞) वर वाढ आहेच, शिवाय दोन्हींच्या संयोगावरही आहे, कारण भोकाशी उडी नाही. फलनाला तिथे किंमत नाही एवढ्यावरून उडी झालीच असं समजू नये. दोन्ही बाजूंच्या सीमा बघाव्या लागतात.

क ऋण केलं, समजा −३, तर फ(क्ष) = क्ष³ / (क्ष² + ३) आणि फ′(क्ष) = क्ष²(क्ष² + ९) / (क्ष² + ३)². छेद कधीच शून्य होत नाही. ±३ ही शून्यंही गेली, कारण क्ष² + ९ नेहमी धन. एका चिन्हाच्या बदलाने पाचपैकी चार बिंदू नाहीसे झाले आणि उरला फक्त ०, जिथे विकलज शून्य होतो पण चिन्ह बदलत नाही. फलन (−∞, ∞) या अख्ख्या रेषेवर काटेकोरपणे वाढतं. इथे ‘(−∞, ०) वर आणि (०, ∞) वर वाढतं’ असं लिहिणाऱ्याचं विधान खोटं नाही, पण अपुरं आहे: −१ आणि १ यांची तुलना करायची सोय त्यात राहत नाही. ० वर टाका घालायला त्याला कोणीही अडवलेलं नव्हतं.